बारा ते सहा

प्रिय उषा,

पत्र बघून हसू नकोस. आठ महिन्यांत तू फोन केला नाहीस आणि मीही केला नाही. एवढ्या अबोल्यानंतर पहिला शब्द तोंडाने काढणं मला जमत नाही, म्हणून हाताला कामाला लावलंय.

आधी बातमी. माझ्या स्वयंपाकघराचं पार वाटोळं झालं. छताचा गिलावा खाली आला, ट्रॉल्या फुगल्या, वायरिंग गेलं. पाणी वरून, तुझ्या घरातून आलं. तुझा चंदन रविवारी कपाट न्यायला आला होता, आम्ही नेमके पद्मालयाला दर्शनाला गेलो होतो. टाकी कोरडी होती. त्याने हात धुवायला ओट्यावरचा नळ उघडला, पाणी नाही म्हणून तसाच सोडला, कपाटातली रद्दी सिंकमध्ये टाकली आणि कुलूप लावून धुळ्याला परतला. त्याला रागावू नकोस. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात वाढलेला मुलगा तो, कोरडा नळ बंद करायची सवय इथे आहे कुणाला? सोमवारी टाकी भरली आणि तुझं सिंक वाहू लागलं.

घराचा विमा बँकेने कर्ज देताना आमच्या गळ्यात मारला होता, तो आता कामी आला. कंपनीने शाहबाज नावाचा सर्वेअर पाठवला. गुणी पोरगा. भिंती चाचपल्या, फोटो काढले, सोसायटीचं पत्र घेतलं, चहा मात्र दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा प्यायला. मग फॉर्म काढून त्याने विचारलं, काकू, पाणी पहिल्यांदा कधी लक्षात आलं? आमचे हे लगेच म्हणाले, संध्याकाळी सहाला. शाहबाजने समजावून सांगितलं. सहा वाजता कळलं असेल तर सगळी चूक वरच्यांची, कंपनी आम्हाला भरपाई देईल आणि ती तुझ्याकडून वसूल करू बघेल. पण आधी कळूनही आम्ही काही केलं नसेल, तर आमचे पैसे कापले जातील. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचे कप घेऊन आत गेले.

कारण मला बारा वाजताच कळलं होतं.

सोमवारी दुपारी मी वांगी भाजत होते आणि वर तुझ्या ओट्यावर पाणी पडल्याचा आवाज आला. उषा, मला वाटलं तू आलीस. गावाहून आलीस की तू पिशवी ठेवायच्या आधी ओटा धुतेस, सोळा वर्षं ऐकलंय मी ते डोक्यावर. इतका वेळ पाणी कसं चालू, असं मनात आलं, तर मीच उत्तर दिलं, आठ महिन्यांची धूळ आहे, वेळ लागणारच. दोन वांगी जास्त भाजली. साडी बदलली. तीनला गॅसपाशी पहिला थेंब पडला. पूर्वी अशा वेळी मी जिन्यातूनच तुझ्या नावाने शंख केला असता. त्या दिवशी खाली पातेलं ठेवलं आणि खुर्चीवर बसले. म्हटलं, न सांगता गेली ती, आता यायचं तर तिनेच यावं. पातेलं भरलं, ओतलं, पुन्हा ठेवलं. चारला दारात चपलांचा आवाज झाला, तर शेजारची मयुरी दही मागायला आलेली. तिला मी इतकी फटकन बोलले की पोर तशीच परत गेली.

सहाला छताचा गिलावा कोसळला तेव्हा धावत वर गेले. तुझ्या दाराला कुलूप होतं आणि उंबऱ्याखालून पाणी येत होतं. वॉचमन उखर्डूभाऊ मागून आले आणि म्हणाले, "अक्का, वर कोनीच नही शे." मी तिथेच ओल्या पायरीवर बसून रडले. त्यांना वाटलं, घरासाठी रडतेय.

तू निघालीस त्या दिवशी मी घरात नव्हते, असं तुला सांगितलं गेलं. मी घरात होते, कडी लावून. तू धुळ्याला कायमची चाललीस हे मला दूधवाल्याकडून कळावं, याचा मला राग आला होता. तू दोनदा बेल वाजवलीस. मी दाराच्या आत उभी होते. त्या रागाला आता काही चव राहिलेली नाही.

काल शाहबाज सहीसाठी परत आला. मी बारा वाजता असं लिहिलं. हे अजून बोलत नाहीत माझ्याशी, बोलतील. फॉर्ममध्ये खाली प्रश्न होता, ताबडतोब काय उपाय केला? दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं, वर मैत्रीण आली असं वाटलं, तिच्याशी अबोला होता, म्हणून गेले नाही. शाहबाजने वाचलं आणि एवढंच विचारलं, असंच राहू द्यायचं? मी हो म्हटलं. या कागदाची नक्कल वरच्या घराची मालकीण म्हणून तुलाही येणार आहे. कुठल्या तरी कंपनीच्या लिफाफ्यातून तुला हे कळावं, ते मला नको होतं, म्हणून हे पत्र आधी टाकतेय. कंपनी काय कापायचं ते कापेल. पण "सहा तास तू काय करत होतीस?" हे मला तू विचार. मी तुझी वाट बघत होते गं.

तुझीच,
सुलक्षणा