पंपाचं चामडं

बाबा, तुमचा तांब्याचा टोप आज चिंच लावून घासला. आता तो नेरळला माझ्या पुढच्या खोलीत असतो. घासून झाल्यावर हात धुतले आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. जे सांगायचं आहे, ते त्याच्याही आधीचं आहे.

मुंबईच्या गोदीतली पाणबुड्याची नोकरी संपवून तुम्ही कडावला परत आलात, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता शेती बघाल. शेती काकाच बघत राहिले. तुम्ही गोदीतून भंगारात निघालेलं सामान एकेक करून घरी आणत गेलात. तीन खिडक्यांचा तो टोप, शिशाच्या तळाचे बूट, रबरी पोशाख, दोन माणसांनी फिरवायचा हवेचा पंप. शिवाय एका परदेशी खलाशाने दिलेलं, पाठीवर टाकी बांधून दोन जाड नळ्यांतून श्वास घ्यायचं यंत्र. पडवीत फळ्या ठोकून तुम्ही सगळं मांडलंत आणि प्रत्येक वस्तूखाली पुठ्ठ्यावर नाव लिहिलंत. आई म्हणायची, "या टोपात वीस माणसांचा भात शिजंल, आन हे त्यात डोकं घालतात." खंडेनवमीला नांगराशेजारी टोपाचीही पूजा व्हायची. बघायला आलेल्या कुणी सामानाला जुनाट म्हटलं, तर तुम्हाला ते लागायचं. "जुनं हाय, पण दगा देणार नाय," तुम्ही म्हणायचात, "निगा राखली पायजे." आणि सामान नुसतं मांडलेलं नव्हतं. कुणाच्या विहिरीत इंजिनाचा पाइप सुटून पडला, तळ्यात कुणाचं काही हरवलं, की तुम्ही उतरायचात. काठावर काका आणि मी पंपाचे दांडे फिरवायचो.

निगा राखायचं एक काम माझ्याकडे होतं. पंपाच्या आत चामड्याच्या चकत्या होत्या. महिन्यातून एकदा पंप उघडून त्यांना एरंडेल चोळायचं. तुम्ही मला पहिल्यांदा शिकवलंत तो दिवस अजून दिसतो. तुम्ही मागच्या अंगणात पोत्यावर बसला आहात, चकती माझ्या तळहातावर ठेवता आणि म्हणता, "चामडं सुकलं की हवा बाजूनं निसटते गं. वरच्याला काय कळत नाय. खालच्याला कळतं." मी मन लावून ते करत आले. मग मला कर्जतच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. एकदा सगळ्यांसमोर शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "तुझ्या हातांना कसला गं वास येतो?" सगळे हसले. त्या उन्हाळ्यात तीन महिने मी पंप उघडला नाही. तुम्ही विचारलंत की "घातलं तेल" म्हणायचे. तुम्ही त्यावर कधी उलट विचारलं नाहीत, कारण मी खोटं बोलेन असं तुमच्या मनातही येत नव्हतं.

चौक गावाजवळ हायवेवरून एक ट्रक जुन्या दगडखाणीच्या पाण्यात गेला, तो त्याच उन्हाळ्यात. ड्रायव्हर वर आला नाही. पोलिसांनी तुम्हाला बोलावलं. आम्ही टेंपोतून सामान घेऊन पोचलो तेव्हा सकाळचं ऊन चढलं होतं. खाणीच्या कडेला ड्रायव्हरची बायको बसली होती. खालापूरची, माझ्याच वयाची, डोक्यावरची ओढणी दातात धरून पाण्याकडे बघत होती. एरवी तुम्ही पंप स्वतः तपासल्याशिवाय उतरत नव्हतात. त्या दिवशी तिच्याकडे बघून तुम्ही थांबला नाहीत. टोप चढवायच्या आधी एवढंच विचारलंत, "तेल घातलंयस ना गं?"

"हो," मी म्हणाले.

तुम्ही खाली गेलात. काकांनी आणि मी दांडे फिरवायला सुरुवात केली आणि वरच्याला कळत नाही म्हणायचात, पण पाच-सहा फेऱ्यांतच मला कळलं. दांडा हलका लागत होता. एरवी हवा दाबताना हाताला भार लागायचा, तो नव्हता. तेव्हाच ओरडून तुम्हाला वर ओढायला सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर का ते विचारलं असतं, आणि भोवती पोलीस होते, गाव होतं. मी नुसती जोरात फिरवत राहिले. काका म्हणाले, "एवढी घाई कशाला?" मग तुमच्या कमरेच्या दोराला हिसके बसले. दोर धरून उभ्या असलेल्या गावच्या पोरांनी तुम्हाला ओढून काढलं. टोप उतरवला तेव्हा तुमचे डोळे लालभडक झाले होते, नाकातून आणि डाव्या कानातून रक्त येत होतं. बोलता यायला लागल्यावर तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "माझंच चुकलं. मी भराभर उतरलो." त्या दिवशी पुन्हा कुणी उतरलं नाही. ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी आपोआप वर आला. तोवर ती बाई तिथेच बसून होती.

घरी आल्यावर दोन दिवसांनी तुम्ही पंप उघडलात. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तुम्ही चकती बाहेर काढलीत, बोटांत दुमडून बघितलीत, ती चिरली. मग ती खिशात घातलीत, पंप बंद केलात आणि मला म्हणालात, "चहा टाक." डावा कान कायमचा गेला. तुम्ही परत पाण्यात उतरला नाहीत. आणि त्यानंतर कुणी पडवीत आलं, का सोडलं म्हणून विचारलं, की तुम्ही म्हणायचात, "सामान जुनं झालं. भरवशाचं ऱ्हायलं नाय." त्या सामानाविषयी वाकडा शब्द ऐकून न घेणारे तुम्ही, स्वतःच्या तोंडानं ते बोलत होतात. मी प्रत्येक वेळी आत भांडी लावत ते ऐकलं आहे.

त्या दिवाळीच्या सुमारास ती बाई आपल्या भावाबरोबर घरी आली होती. तुम्ही घरी नव्हतात. तिनं टोपाला हात लावून बघितला आणि मला म्हणाली, "तुमच्या बाबांनी जीव धोक्यात घातला. आमच्या घरात कोणी विसरलं नाय." मी तिला चहा दिला. ती मला बहीण म्हणाली. तिला काही सांगितलं नाही. तुम्हाला ती येऊन गेल्याचंसुद्धा सांगितलं नाही, कारण मग मी तिच्याशी काय बोलले ते सांगावं लागलं असतं. तिचे ते शब्द तुमचे होते, बाबा. ते मी ठेवून घेतले.

तुम्ही शेवटी आजारी होतात तेव्हा मी रोज उजव्या कानाशी वाकून बोलायचे. औषधाचं, पेजेचं, पाहुण्यांचं. तुम्ही ऐकत होतात, मान हलवत होतात. सांगायला तीन आठवडे होते.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, ते मला माहीत आहे. एक मात्र कबूल करते. तुम्ही असतात, तर मी हे लिहिलंच नसतं.