बर्फाच्या नदीचा उन्हाळा

आष्टी, २० एप्रिल

प्रिय नंदिनी,

अलकनंदेच्या खोऱ्यातला तुझा व्हिडिओ इथे सगळ्यांनी पाहिला. देवदाराखाली उभी राहून तू सांगतेस, नदी वाचायला मला अण्णाजींनी शिकवलं. खरंच आहे. पण तेव्हा माझ्या बापाच्या दुसऱ्या बाजूला मीही उभी होते गं! तू शेजारची, मी पोटची. फार हेवा वाटला, आणि आता तो लपवायचं आपलं वय राहिलेलं नाही.

चैत्रात वर्धेचं पात्र आटलं की ते आपल्या दोघींना वाळूत न्यायचे. अनवाणी चालायचं, तळव्याला गारवा लागला की तिथे झिरा उकरायचा, पहिलं गढूळ पाणी उपसायचं आणि नितळ पाझरेपर्यंत बसून राहायचं. तुला धीर होता. मी घाईनं ओंजळ घालायची अन् पाणी पुन्हा गढूळ व्हायचं. "नंदिनीकडे पाह्य जरा," हे मी किती उन्हाळे ऐकलं!

तू तिकडे गेलीस, मी इथल्या शाळेत लागले. दर रविवारी तुझा फोन यायचा तोही त्यांनाच. तासभर बर्फ, दरडी, मासे. मी आत मुद्दाम भांडी आदळायचे. पुढे त्यांचं विसरणं वाढलं, फोन कानाशी नेला की ते घाबरू लागले आणि तुझे रविवार बंद झाले. मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

महिन्यापासून ते मला नंदिनी म्हणतात. पहिल्या दिवशी मी चूक सुधारली, तर लहान मुलासारखे रडले. मग मीच झाले नंदिनी. चहा घेताना विचारतात, नदी कशी आहे? मी ठोकून दिलं, आटली, झिरे उकरतोय. तर हसायलाच लागले. "काऊन चेष्टा करून राह्यली? बर्फाची नदी उन्हाळ्यात फुगते. तूच तं सांगतलं मले!" पोरीचा चेहरा विसरलेल्या माणसाला तुझी नदी मात्र चोख आठवते.

म्हणून हे पत्र. बर्फ कधी वितळतो, पाण्याचा रंग कसा पालटतो, कोणता मासा वर चढतो, कोणतं पाखरू धारेतल्या दगडावर बसतं, सगळं सविस्तर लिहून पाठव. मी पाठ करीन. आणखी एक मात्र तूच सुचव. काल त्यांनी माझा हात धरून हळूच विचारलं, "मोहिनी नाई आली तुह्यासंगं? रागावली का माह्यावर?" नंदिनीनं काय उत्तर द्यायचं?

तुझीच, अजून रागावलेली,
मोहिनी