बराकीच्या खांबावरची भूक

तीर्थरूप कियोत्सुगुदादास धाकट्या फुसाएचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक. माझ्या पायांना मात्र उसंत नाही, कारण आपली जुनी बराक आता गावचं संग्रहालय झाली आहे आणि मी तिथे पाहुण्यांना माहिती सांगते. (फुकट. दुपारचा चहा मिळतो.)

आधी तिथे पायदळ होतं. युद्ध हरल्यावर मांचुरियाहून परतलेली आपल्यासारखी बिऱ्हाडं, मध्ये घोंगड्यांचे पडदे लावून. मग मुलींची शिवणशाळा. मग वीस वर्षं मुळ्याच्या लोणच्याचं गोदाम. बाहेरच्या पाटीवर लोणच्याचा उल्लेख नाही, पण दमट दिवशी पाहुण्यांना ते वासावरून आपोआप कळतं.

आता खरी भानगड ऐक. रंग खरवडताना आपल्या बिऱ्हाडाच्या खांबावर अक्षरं निघाली : ‘आई, भूक लागली.’ हो, तीच. नऊ वर्षांचा असताना तू खिळ्याने कोरलीस आणि आईने तुला तिथेच बदडलं, ती. संग्रहालयाचे नागाईसाहेब मात्र हरखून गेले. त्यांनी वर काच बसवली, ‘आघाडीवर निघालेल्या अनामिक जवानाचे शब्द’ अशी पाटी लावली. एक अक्षर उलटं आहे, ते म्हणे अंधारात हात थरथरला म्हणून! (तू सहावीपर्यंत ते उलटंच काढायचास.)

मी सांगणारच होते, तेवढ्यात मुराकोशी आजी आल्या. त्यांचा धाकटा भाऊ याच बराकीतून लढाईवर गेला तो गेलाच. सरकारकडून आलेल्या अस्थींच्या पेटीत अस्थींऐवजी नुसता दगड होता. काचेवर हात ठेवून म्हणाल्या, “अगं बाई, हा आमचा शोजीच! मेला सदा भुकेला.”

“पण आजी, ते अक्षर उलटं आहे...”

“उलटंच काढायचा गं तो!”

मी खरं सांगायचं राहू दिलं. तेव्हापासून दर मंगळवारी त्या खांबापाशी भाताचे दोन गोळे ठेवतात, आत खारवलेलं फळ घालून. थोड्या वेळाने “जेवला हो तो” म्हणतात आणि ते गोळे मला खायला लावतात. मी खाते. एकदा साहेबांनी विचारलं, डोळे का ओले? मी म्हटलं, आतलं फळ फार आंबट आहे.

तुझीच,
फुसाए

ता. क. वहिनींनी कळवलं की खांबाची बातमी वाचून तू पुढच्या महिन्यात येऊन ‘ती अक्षरं माझी’ असं वर्तमानपत्रवाल्यांना सांगणार आहेस. दादा, येऊ नकोस.

ता. क. २. बरं, ये. मंगळवारी ये आणि उपाशी ये, माझ्याच्याने दोन गोळे संपत नाहीत. पण आजींसमोर तोंड फक्त खाण्यापुरतं उघडायचं.