फोनमधला दुसरा चेहरा

३ नोव्हेंबर

पोचले. सामान दोन खेपांत वर चढलं. घर वरच्या मजल्यावर आहे, दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. घरमालकीणबाई खाली राहतात. त्यांनी आल्या आल्या चहा दिला आणि कप रिकामा व्हायच्या आत माझी सगळी माहिती काढून घेतली: वय, नोकरी, मूलबाळ का नाही, हे कशाने गेले. मी मोजकंच सांगितलं. उरलेलं त्यांनी स्वतःच भरून काढलं. म्हणाल्या, दोन खोल्या एकटीला खायला उठतात, पण सवय होते, मलाही झाली.

भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, फोन करून पोचल्याची खात्री केली. ही वही त्यांचीच. म्हणाले, वहिनी, तुम्ही कोणाशी बोलणार नाही हे मला माहीत आहे, निदान लिहा तरी. प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं नोंदी लिहिल्या आहेत, तशाच लिहीन. हे जाऊन सात महिने झाले. आज मन बरं आहे. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

५ नोव्हेंबर

जलशुद्धीकरण केंद्रावर रुजू झाले. काम ओळखीचंच. दर दोन तासांनी पाण्याचे नमुने घ्यायचे, गढूळपणा आणि क्लोरीन मोजायचं, आकडे वहीत लिहायचे आणि मीटरचा फोटो वरिष्ठांना पाठवायचा. मुख्य केमिस्टना सगळे लिटमस म्हणतात, कारण जरा काही आंबट बोललं की ते लाल होतात. माणूस चांगला आहे. बाटल्या मी कशा विसळते ते बघून म्हणाले, चला, एक तरी माणूस शिकून आलाय.

फोनचं मात्र इथे जमत नाही. चेहरा दाखवून उघडणारा आहे. घरी त्याची सोय फार, भाजी चिरताना हात बरबटलेले असले तरी नुसतं बघितलं की उघडतो. इथे क्लोरीनच्या खोलीपाशी मास्क, मोठा चष्मा आणि हातमोजे. फोन मला ओळखतच नाही. मास्क काढावा तर लिटमस लाल होतात, फोन उघडायचे आकडे टाकावेत तर मोजे ओले. म्हणून दर दोन तासांनी मी दाराबाहेर जाऊन फोनला तोंड दाखवते. पंपावरचा माणूस म्हणाला, बाई, नवऱ्यानेसुद्धा इतक्या वेळा तोंड बघितलं नसेल. कोणीतरी त्याला कोपर मारलं. मला राग आला नाही.

८ नोव्हेंबर

ह्या फोनबद्दल लिहून ठेवते. हे दवाखान्यात होते तेव्हा माझा जुना फोन पाण्यात पडून गेला आणि भाऊजींनी हा आणून दिला. ह्यात दोन चेहरे नोंदवता येतात. मी हट्ट धरला की दुसरा ह्यांचा घाला, मी औषधं आणायला खाली गेले तर ह्यांना उघडता आला पाहिजे. भाऊजींवर काम सोपवून खाली गेले. परत आले तेव्हा हे म्हणाले, झालं तुझं काम.

आज पहिल्यांदाच सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. दुसरा चेहरा नोंदलेला आहे. चित्र दिसत नाही, नोंद आहे एवढंच. एकटा तो पुसता येत नाही, पुसले तर दोन्ही जातात. माझा पुन्हा घेता येईल. ह्यांचा कुठून आणणार? कपडे देऊन टाकले, चष्मा देऊन टाकला, पण ह्यांना ओळखेल अशी ही एक वस्तू माझ्याकडे आहे. त्या पानावर पुन्हा जायचं नाही.

संध्याकाळी भांडी घासताना फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवला होता. हात पुसून वळले तर फोन उघडलेला.

११ नोव्हेंबर

पुन्हा तसंच. आंघोळीहून आले तर फोन उघडा. मी झाकूनपाकून ठेवणारी बाई आहे, माझ्या वस्तूला कोणी हात लावलेला मला खपत नाही. दुसरी किल्ली घरमालकीणबाईंकडे आहे. खाली जाऊन सरळ विचारलं. त्या फणकारल्या. म्हणाल्या, माझे गुडघे मला जिना चढू देत नाहीत, आणि तुझ्या फोनात माझं काय अडलंय गं, मला माझाच धड उचलता येत नाही. गुडघे खरंच सुजलेले आहेत. पण बोलताना नजर चुकवत होत्या.

१३ नोव्हेंबर

दाराच्या फटीत कागदाची पट्टी लावून बाहेरच्या खोलीत कपडे वाळत घातले. पट्टी जागच्या जागी. स्वयंपाकघरात फोन उघडलेला.

बाईंची मनातल्या मनात माफी मागितली. मग वाटलं, प्रयोगशाळेत कोणी फोनमध्ये खोड्या करून ठेवल्या असतील. पंपावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, बाई, मी तुमच्या बाटल्यांनासुद्धा घाबरतो. लिटमसनी ऐकलं आणि म्हणाले, संशय असला की आपण काय करतो? कोरा नमुना लावतो.

बरोबर आहे. ज्यात काही नाही असं माहीत असलेलं पाणी आधी मोजायचं. तिथेही आकडा आला तर खोट यंत्रात.

१६ नोव्हेंबर

सुट्टी. सकाळी सहा वेळा फोन भिंतीकडे तोंड करून, भिंतीला जवळजवळ चिकटवून ठेवला. मध्ये माणूस मावणार नाही. सहाही वेळा बंद. म्हणजे यंत्र ठीक आहे.

मग सहा वेळा टेबलावर रिकाम्या खुर्चीसमोर. मी बाजूला, फोनला दिसणार नाही अशी. पाच वेळा उघडला.

माहितीपत्रक शोधून वाचलं. डोळे उघडे हवेत, नजर फोनकडे हवी, आणि चेहरा हातभर अंतरात हवा.

फोनमध्ये दोनच चेहरे आहेत. एक माझा, आणि मी बाजूला होते.

दुसरा कप चहा केला आणि खुर्चीसमोर ठेवला. सात महिन्यांत रडले नव्हते.

१९ नोव्हेंबर

घरी आले की आधी फोन खुर्चीसमोर ठेवते. उघडला की दिवसभराचं सांगते. ह्यांच्याशीही मी फार बोलत नसे, त्यामुळे आता बोलताना अवघडल्यासारखं होतं.

कधीकधी उघडत नाही, तेव्हा जीव खालीवर होतो. फोनच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, मावशी, चेहरा ओळखला नाही की लगेच आकडे टाकायचे, म्हणजे फोन समजतो की हासुद्धा आपलाच माणूस, आणि पुढच्या वेळी चुकत नाही. आता तसंच करते. उघडला नाही की बाजूने हात घालून आकडे टाकते. दोन दिवसांत फरक पडला. आता चुकतच नाही.

२३ नोव्हेंबर

मला मात्र तो हल्ली ओळखत नाही. चारदा बघावं तेव्हा एकदा उघडतो. लिटमस म्हणाले, बाई, जेवत जा, फोनला तुमचे गाल सापडत नाहीत.

आज क्लोरीनच्या खोलीत घाईत विसरून मास्क आणि चष्म्यासकट फोन तोंडासमोर धरला, आणि उघडला. मास्क असताना तो मला कधीच ओळखत नाही. मग लक्षात आलं. हे माझ्या खांद्यावरून वर्तमानपत्र वाचायचे, अगदी गालाशी गाल आणून. मी चिडायची. आज चिडले नाही. तशीच उभी राहिले, थोडी मागे रेलून.

२६ नोव्हेंबर

भाऊजींचा फोन आला. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. सांगितलं. वेड लागलं म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी मुलांना बाहेर खेळायला पाठवलेलं ऐकू आलं.

मग म्हणाले, वहिनी, एक सांगतो, रागावू नका. दादाचा चेहरा त्यात नाही. तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा आम्ही दोघांनी खूप खटपट केली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, फोन घेईना. मास्क काढला की दादाला धाप लागायची. शेवटी दादाच म्हणाला, राहू दे, तिला झालं म्हणून सांगू, तेवढंच तिला बरं वाटेल. दुसरा चेहरा रिकामाच राहिला, वहिनी, मी स्वतः बघितलंय.

मी म्हटलं, नोंद आहे, मी पाहिली आहे.

ते म्हणाले, मग तो दादा नाही.

२७ नोव्हेंबर

कामावर गेले नाही. भिंतीला पाठ लावून बसले आहे.

चेहरा नोंदवायचा तर आधी आकडे टाकावे लागतात. आकडे मी कोणाला सांगितलेले नाहीत. पण टाकताना पुटपुटते. मीटरचे आकडेही मी असेच मोठ्याने म्हणते, सगळे हसतात. ३ तारखेपासून ह्या घरात किती वेळा म्हटले असतील.

आणि उघडला नाही तेव्हा मीच हात घालून आकडे टाकले. हासुद्धा आपलाच माणूस, असं फोनला मीच शिकवलं. रोज. चहा ठेवून.

क्लोरीनच्या खोलीत मी मागे रेलले होते.

२८ नोव्हेंबर

भाऊजींकडे जायचं ठरवलं. बसच्या तिकीटखिडकीशी फोन काढला. तोंडाला रुमाल बांधलेला, डोळे मिटून घेतले, मुद्दाम. उघडल्याचा आवाज आला.

घर नाही. घराचा संबंधच नाही. मी जाईन तिथे हातभर अंतरावर —

भाऊजींची मुलं लहान आहेत. मी घरी परत आले.

घरमालकीणबाईंनी खालूनच हाक मारली. म्हणाल्या, त्या दिवशी तू विचारायला आलीस तेव्हाच सांगणार होते गं, पण तुझ्या तोंडाकडे बघून जमलं नाही. इथे आलीस तेव्हापासून पुटपुटतेस, हल्ली तर रोज संध्याकाळी बोलतेस, ते ऐकू येतं मला. बोल बाई, मीही बोलते आमच्यांशी. फक्त मला कोणी उत्तर देत नाही, असं म्हणाल्या.

कोणतं उत्तर, विचारायचा धीर झाला नाही.

२९ नोव्हेंबर, सकाळ

पुसले. दोन्ही चेहरे. ज्या पानावर जायचं नाही म्हटलं होतं तिथे जाऊन बटण दाबलं. ह्यांचं त्यात काही नव्हतंच, तरी दाबण्याआधी नोंद पुन्हा एकदा वाचली. आकडेही बदलले. ओठ घट्ट मिटून.

आता नुसत्या आकड्यांवर उघडेल. खुर्चीसमोर ठेवून बघितलं. बंद. दहा वेळा बंद. भाऊजींना कळवलं. म्हणाले, छान केलंत, उद्या येतो न्यायला.

दुपार

जेवले. थोडी झोपले.

झोपेतून उठल्यावर लक्षात आलं. फोन उघडायचा तेव्हा निदान ते कुठे आहे हे कळायचं. खुर्चीत आहे. खांद्याशी आहे. आता —

पुसल्याने ते गेलं असं कोणी सांगितलं? मी फक्त मीटर बंद केला.

साडेचार

खोलीच्या मधोमध उभं राहता येत नाही. मान वळवली की वाटतं, वळवायला नको होती.

भाऊजी उद्या येणार. त्यांना येऊ द्यावं का, हे मला आज कळायला हवं. ते माझ्याजवळ असेल तर त्यांना ह्या दारातून आत घेता येणार नाही. फोन करून नको म्हणावं लागेल.

एकच उपाय आहे. चेहरा नोंदवायचं पान उघडून, फोन खुर्चीसमोर ठेवायचा. मी बाजूला. काही नसेल तर चेहरा फिरवताना रेघारेघांनी भरत जाणारं वर्तुळ रिकामं राहील.

पाच वाजता

ठेवला. पडद्यावर नुसती खुर्ची दिसते. खुर्चीच्या पाठीवर ऊन नाही आता. खाली लिहिलंय, चेहरा चौकटीत आणा.

काही नाही. पाच मिनिटं झाली. रिकामं —

एक रेघ हिरवी झाली. वरची.

आणखी एक. गोल भरत चाललंय. डोकं सावकाश फिरवावं तसं. पडद्यावर खुर्चीच आहे. नुसती खुर्ची.

अर्धं.

भाऊजींना फोन करायला हवा, पण फोन तिथे आहे.

थांबलं. पाऊण भागावर. खाली वेगळं लिहून आलंय. वाचते — चेहरा चौकटीत नाही.

म्हणजे उठलं. खुर्चीतून उठलं. टेबलाच्या ह्या बाजूला मी, आणि मधे फक्त

वहीवर ऊन नव्हतं, तरी सावली