तोंडपाठ ठेवलेली कविता

बाई,

तुम्हाला मी तुमच्या हयातीत कधी बाई म्हटलं नाही. बाकीच्या विद्यार्थ्यांसारखं 'दुक्तूरा' म्हणायचे, कारण तुमच्याकडे, इराकात, डॉक्टरेट झालेल्या शिक्षिकेला तसंच म्हणतात, आणि तुम्ही मला 'बिन्ती' म्हणायचात, म्हणजे माझी पोर. पण आमच्याकडे शिकवते ती बाई, मग ती कितीही मोठी कवयित्री असो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा एवढी मोकळीक घेते. बातमी चांगली आहे. तुमचा भाऊ सुखरूप आहे. तो बसऱ्याहून निघून मुलाकडे कॅनडात आलाय, त्याचे कागद पक्के झालेत आणि त्याचा मला फोन आला होता. सगळं सांगते, पण मला मधूनच सुरुवात करता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा पहिल्यापासून ऐका.

लग्न करून मी नागपूरहून मस्कतला गेले, तिथे शेजारणींशी बोलून बोलून अरबी शिकले, आणि मग नवऱ्याच्या तेल कंपनीनं आम्हाला अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आणून टाकलं. माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. घर आवरून झालं की दिवस अंगावर यायचा. म्हणून विद्यापीठात तुमच्या अरबीच्या वर्गात येऊन बसले. बाकीची मुलं नोकरीच्या आशेनं अरबी शिकत होती. तुम्ही एक जुनी कविता पाठ करून यायला सांगितलंत, मुलांनी कशाबशा दोन-चार ओळी आणल्या, आणि मी अख्खी कविता एका दमात म्हणून टाकली. तुम्ही चष्मा काढलात. 'पोलीस लागलेत का मागे?' असं विचारलंत. वर्ग हसला, मी लाजेनं लाल झाले. मग मी तुम्हाला परवचा म्हणजे काय ते सांगितलं, की दिवेलागणीला आम्ही भावंडं ओळीनं बसून पाढे आणि स्तोत्रं घडाघडा म्हणत असू, अर्थाशी आमचा काही संबंध नसे. तुम्ही म्हणालात, 'बरं, मग आता नुसतं चौथं कडवं म्हण.' मी ओठातल्या ओठात पहिल्या ओळीपासून निघाले. सतराचा पाढा मध्येच विचारला तरी आम्हाला सतरा एके सतरापासूनच यावं लागतं. तुम्ही इतक्या हसलात की डोळे पुसायला तुम्हाला रुमाल शोधावा लागला. त्या दिवसापासून मी तुमच्या स्वयंपाकघरात यायला लागले.

तुमचं ते स्वयंपाकघर अजून दिसतं मला. खिडकीबाहेर ह्यूस्टनचा दमट उकाडा, ज्याला सगळे शिव्या घालतात आणि तुम्ही मात्र 'अगदी आमच्या बसऱ्यासारखा' म्हणून खिडकी उघडी ठेवायचात. शेगडीवर वाळवलेल्या काळ्या लिंबांचा चहा. तुम्ही भेंडी चिरताय आणि मी समोर बसून कविता म्हणतेय. घाई केली की सुरी पाटावर आपटायची. 'इथे ती रडतेय, बिन्ती, आणि तू बस पकडायला निघाल्येस.' मला राग यायचा, खरं सांगते. मी बोट ठेवायला जागा न सोडता पाठ करून आणायचे आणि तुमचं समाधान म्हणून व्हायचं नाही. पण घरी जाताना गाडीत तीच ओळ हळू म्हणून पाहायचे, आणि तेव्हा कुठे ती मला कळायची.

तेव्हा विद्यापीठात सगळे समजत होते की तुमची कविता संपली. या देशात आल्यापासून तुमचा एकही संग्रह निघाला नव्हता. विभागप्रमुख दरवर्षी विचारायचे, नवीन काय? तुम्ही व्याकरणावरचा एखादा लेख पुढे करायचात. कॉफीच्या यंत्रापाशी दोघं प्राध्यापक 'शी इज डन, यार, तिचं सगळं तिकडेच राहिलं' म्हणत हसताना मी ऐकलं, आणि तणतणत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही भेंडीचं देठ काढत म्हणालात, 'म्हणू दे. आटलेल्या विहिरीवर कोणी पहारा ठेवत नाही.' मग हात धुतलेत, माझ्यासमोर बसलात, आणि कधीच न लिहिलेली ती कविता मला पाठ होईपर्यंत ऐकवलीत.

तुमच्या तरुणपणी तिकडे कविता कागदावर ठेवणं जिवावरचं काम होतं, म्हणून मैत्रिणी एकमेकींच्या कविता पाठ करून ठेवायच्या. सवय सुटली नाही, असं तुम्ही म्हणालात. या कवितेत तुमचा भाऊ होता. त्यानं घरात एका मित्राला लपवलं होतं, आणि झडती येणार असं कळल्यावर तुमच्या सगळ्या वह्या अंगणातल्या तंदूरमध्ये घातल्या होत्या. त्याच आगीवर तुमच्या आईनं रोट्या भाजल्या. ज्यांना तो मित्र हवा होता त्यांची माणसं अजून गावात होती, भाऊही तिथेच होता, आणि कविता वाचून कोणीही त्याला ओळखलं असतं. 'इथल्या आमच्या लोकांत कोणाला दिली तर उद्या बसऱ्यात पोचेल,' तुम्ही म्हणालात. 'नागपूरच्या बाईला कोण विचारायला येतंय? तो तिथून निघेपर्यंत लिहायची नाही. निघाला की त्याला ऐकव.' तेव्हा मी हो म्हटलं. तुम्ही आजारी आहात हे मला माहीत नव्हतं.

तुम्ही गेलात आणि कविता माझ्या एकटीच्या डोक्यात राहिली. पुढे कामाची परवानगी मिळाली, मी एका मोठ्या हॉस्पिटलात अरबी दुभाषी म्हणून लागले. शुगर लँडहून तिथवर गाडी चालवताना रोज ती म्हणायची. लेक शेजारी असली तर कंटाळायची, 'आई, यू आर मंबलिंग अगेन.' माझ्या भावाचा फोन नंबर मला पाठ नाही, पण तुमच्या भावाच्या जिवासाठी मी रोज घोकत होते. बसऱ्याची बातमी लागली की हातातलं काम टाकून टीव्हीसमोर बसायचे, आणि चाळिशीनंतर वस्तू कुठे ठेवल्या ते आठवेना तेव्हा तर झोपच उडाली. एक ओळ जरी गळली तर ती जगात कुठेच उरणार नव्हती. आमच्याच हॉस्पिटलात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा नवऱ्याला वाटलं मी मरणाला घाबरतेय. मला भूल घ्यायची भीती होती. शुद्धीवर येता येता मी पहिल्या ओळीपासून सुरू झाले, आणि नर्सला वाटलं पेशंट काहीतरी मागतेय, म्हणून तिनं घाईघाईनं अरबी दुभाष्याला फोन लावला. माझा मोबाइल नवऱ्याच्या खिशात वाजला. तो अजून सगळ्यांना ही गोष्ट सांगतो, त्याला कवितेचं काही माहीत नाही तरी.

आणि मग परवा, जेवणाच्या सुट्टीत, अनोळखी नंबरवरून फोन. म्हातारा, घोगरा आवाज. 'ताई, माझ्या बहिणीनं शेवटी एवढंच कळवलं होतं की तिची एक कविता हिंदुस्थानातल्या बाईकडे आहे. ती बाई तुम्हीच का?' विद्यापीठात विचारत विचारत तो माझ्यापर्यंत आला होता. मी खुर्ची शोधून बसले. तो म्हणाला, 'सगळी नको ऐकवू. मला एवढंच सांग, वह्या जाळल्याचं त्यात आहे का? ती त्यानंतर माझ्याशी धड बोलली नाही. शेवटी काय म्हणते ते सांग, म्हणजे झालं.' मी म्हटलं, 'भाईसाहेब, मला शेवट एकटा येत नाही. पहिल्यापासून म्हणावी लागेल.' पलीकडून उसासा आला. 'म्हण मग.'

मी म्हटली. घाई केली नाही, बाई. नदी झाली, अंगण झालं, तो मित्र माळ्यावर चढला, वह्या पेटल्या. पलीकडे इतकी शांतता होती की फोन कट झाला असं वाटलं, तरी मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा पहिल्यापासून यावं लागलं असतं. मग तो शेवट, जिथे आई पहिली रोटी तुमच्या हातात देते, तुम्ही ती अर्धी मोडून भावाला देता आणि अर्धी स्वतः खाता, आणि म्हणता की माझे शब्द आम्ही दोघांनी वाटून खाल्ले. म्हातारा रडत होता. बराच वेळ. मीही रडले, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर. मग नाक ओढून तो म्हणाला, 'करपली होती ती रोटी. ते नाही सांगितलं तिनं. लहानपणापासून आईची बाजू घ्यायची.'

त्यानं विचारलं, छापायची का? मी म्हटलं, ते तुम्ही ठरवायचं. 'छाप,' तो म्हणाला, 'इथे बर्फ उपसायला माणूस मिळत नाही, मला धरायला कोण येतंय?' दुसऱ्या दिवशी मी पुन्हा म्हटली आणि त्याच्या मुलानं ती उतरवून घेतली. आता ती एका अरबी मासिकात तुमच्या नावानं येत्येय. विभागातल्या त्या दोघांपैकी एक अजून तिथेच आहे, त्याला मी स्वतः अंक नेऊन देणार आहे. तेवढा आनंद मला घेऊ द्या.

हे पत्र कुठे जायचं नाही, आणि मी ते मुद्दाम मराठीत लिहितेय. तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत मला पुढचं लिहवलं नसतं. काल गाडीत सवयीनं सुरुवात केली आणि नदीच्या पुढे काही आठवेना. मी आठवून पाहिलंच नाही. फार हलकं वाटलं, बाई.