आखाजीचा झोका आणि संध्याकाळची मोटार

प्रिय माय,

तू गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. वहिनीने अक्षय्य तृतीयेची तुझ्या नावाची घागर भरली, वर सांजोरी नि आंबा ठेवला. पाणी तुला पोचलं असेल. पण तुझ्याशी भांडायचं राहिलंय, ते घागरीत कसं घालणार? म्हणून लिहायला बसले.

धुळ्याची मोटार गावात येणार म्हणून निंबाखालची जागा ती वळवायला द्यायची ठरली, तेव्हा बायका नको म्हणत होत्या. आखाजीचा झोका मग बांधायचा कुठे? तूच पदर खोचून चावडीवर गेलीस. "मोटार उनी का मनी पोर लवकर येई," म्हणालीस. तुझ्यापुढे कोण बोलणार?

मोटार आली नि तुझी पोर आली ना लवकर. पूर्वी धुळ्याहून बैलगाडीला दिवस जायचा, वाटेत मावशीच्या ओट्यावर जेवण व्हायचं. आता तिचं दार धुळीत दिसतं न दिसतं तोच मागे पडतं.

पण बैलगाडीने आलेली लेक पंधरा दिवस राहायची, हे कसं विसरलीस गं? आता हे म्हणतात, "मोटार आहे ना, संध्याकाळी परत ये." गेल्या आखाजीला तू माझी वेणी घालत होतीस आणि भोंगा वाजला. अर्ध्या वेणीनेच पळाले. तुला शेवटचं पाहिलं ते तसं. फार राग आहे माझा, माय. तुझ्यावरही.

आज दुपारी वहिनीला म्हटलं, दोर काढ. मोटार वळते तिथेच, जुन्या फांदीला झोका बांधला. गावभरच्या बायका जमल्या. संध्याकाळी मोटार आली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, झोका सोडा, गाडी वळवायची आहे."

शेजारची सोनाअक्का झोक्यावरूनच म्हणाली, "तठेच उभी ऱ्हाऊ दे. आज आखाजी शे."

त्याने भोंगा वाजवला. आम्ही गाणं चढवलं. शेवटी गाडी मागे मागे नेत वेशीबाहेर वळवली त्याने. म्हणजे तिथेही जागा होती, माय. कुणी पाहिलीच नव्हती. धुळ्याला जाणारी माणसं तिथवर चालत गेली. मी गेले नाही.

ह्यांना निरोप धाडलाय, पंधरा दिवसांनी येईन. रागावतील. रागावू देत.

दर आखाजीला येईन आणि झोका तिथेच बांधीन, हा माझा शब्द. फांदी तोडायला आले तर झोक्यावरून उतरणार नाही. आत्ता वहिनी तेलाची वाटी घेऊन माझ्या मागे बसली आहे. वेणी पुरी होईपर्यंत कुणी भोंगा वाजवून दाखवावा.

तुझी हट्टी,
काशी