घर दिले, अट घातली नाही

मी, जीवराम फकिरा बोरसे, वय पासष्टच्या पुढेमागे (जन्माची नोंद कोणी ठेवली नाही, आई सांगायची की पांझरेला मोठा पूर आला त्या साली), धंदा पाटकरी, राहणार मौजे बोरशेवडी, तालुका साक्री, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळ्यांना थोडे कमी दिसते, डोक्याला नाही. कोणी धाक घातला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतले नाही. धाकटा भाऊ हिलाल याने एक अट घालण्याचा पुष्कळ आग्रह केला, पण तो आग्रहच होता. ती अट का घातली नाही ते खाली येईल.

अक्षर वेडेवाकडे आहे. मी शाळेत गेलो नाही. तरुणपणी बोदवडला कापसाच्या जिनात होतो, तेथे गाठींवर मार्का आणि नंबर काढत, ते बघत बघत वाचायला लागलो. तेथल्या कारकुनाने एकदाही हटकले नाही, उलट जुनी पाटी दिली. त्याचे भले होवो.

कलम १. माझे राहते धाब्याचे घर, पुढचा ओटा आणि मागचा गोठा, हे माझ्या पश्चात पत्नी तानुबाई हिने हयातीपर्यंत वापरावे. तिला त्यातून कोणी उठवू नये, ‘जरा सरक’ असेही म्हणू नये. तिच्यानंतर ते घर मुलगा अभिमन याचे. पोस्टाच्या पुस्तकात जे शिल्लक असेल ते सर्व तानुबाईचे. तिने ते खर्चावे, जपून ठेवत बसू नये.

कलम २. फडातले माझे लहानसे शेत मुलगा अभिमन आणि मुलगी भिकुबाई (नरडाण्याला दिलेली) यांनी निम्मे निम्मे घ्यावे. आता मुलीचा हिस्सा कायद्यानेही मानला आहे असे मास्तर सांगतात. कायदा नसता तरी मी तिला दिला असता, कारण माझ्या आजारपणात पहिल्या गाडीने येणारी तीच. तांबडी गाय आणि पितळी घंगाळही भिकुबाईचे. गाय लाथाळ आहे, जावयांना आधी सांगून ठेवावे.

कलम ३. आता पाटाबद्दल. पाणी माझे नाही, म्हणून ते या कागदात देता येत नाही. पण पाटकऱ्याचे काम माझ्यानंतर कोणी करावे यावरून घरात आणि गावात जे बोलणे झाले, ते लिहिल्याशिवाय पहिल्या कलमातले घर नीट दिले असे होणार नाही.

ज्याला आमच्याकडची रीत माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे त्या पाण्यावर एकत्र भिजणारा शेतांचा पट्टा. फडात सगळ्यांनी एका हंगामाला एकच पीक घ्यायचे, आणि आपल्या शेताला पाणी आपण द्यायचे नाही. शेत पाटलाचे असो की विधवेचे, बारे, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचे तोंड, फोडणार पाटकरीच. पाणी शेवटच्या शेताला आधी पोचले पाहिजे. पाटकऱ्याला पगार नाही. पीक निघाले की शेतागणिक पेंढ्या, उसाच्या साली गूळ. पीक बुडाले तर त्याच्याही पेंढ्या बुडाल्या.

जिनात माझा पगार चांगला होता. रोख, महिन्याच्या महिन्याला. पण हंगाम चालू झाला की दिवा लावून जायचे आणि दिवा लावूनच परत यायचे. कापसाची तूस नाकातोंडात. मुकादमाला आम्ही माणसे आहोत हे फक्त पगाराच्या दिवशी आठवे. गावच्या पंचांनी पाटाचे विचारले तेव्हा मी हिशेब केला नाही, बोदवडहून सरळ घरी आलो. रोख पैसा हातातून गेला म्हणून सासरे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. तानुबाई मात्र त्यांना म्हणाली, “जिनमा पैसा व्हता, आठे नवरा शे.” इथे नवरा आहे, या एका वाक्यावर मी सारा जन्म काढला. त्याबद्दल तिचे उपकार येथे लिहून ठेवतो, तोंडाने बोलायला मला जमले नाही.

आणि काम कसे! डोक्यावर आभाळ, पायाला गार पाणी, कोणी मुकादम नाही. पाणी वाफ्यात शिरताना माती जो आवाज करते तो मी रोज ऐकला. राजालाही असा पगार नसेल.

म्हणून पंचांनी गेल्या दिवाळीत विचारले, “नाना, तुमच्यानंतर कोण?” तेव्हा मी अभिमनला न विचारताच सांगून बसलो, “माझा अभिमन येईल.” पंचांनी जागा राखून ठेवली.

अभिमन धुळ्याला मिलमध्ये मागावर आहे. पगार, वर महागाई भत्ता. सणाला आला तेव्हा मी त्याला सांगितले की मिल सोड, गावी ये, मोकळ्या हवेत काम कर, माझ्यासारखा सुखी हो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “नाना, तुमना कामले भोंगा नही. मना कामले शे.”

मी म्हणालो, “अरे, भोंगा नाही म्हणून तर मी माझा मालक!”

तो म्हणाला, “तुम्ही मालक नव्हता, नाना. पाणी मालक होतं. ते आलं की तुम्ही ताटावरून उठायचे. भिकूच्या हळदीतून उठून गेला होता.”

मला राग आला. हिलाल तेथेच होता, त्याला माझ्याहून जास्त आला. पोरगा उठून गेल्यावर तो म्हणाला, “भाऊ, कागदमा लिखी टाक. घर जोयजे ते पाट धर.” म्हणजे मिल सोडून पाटावर आला तर घर, नाही तर नाही. मला ते पटले. मी पहिल्या मसुद्यात तसे लिहिलेही होते.

मग माघात डोळे दाखवायला मी आणि तानुबाई धुळ्याला गेलो आणि आठवडाभर अभिमनच्या खोलीत राहिलो. खोली लहान, नळावर भांडण, गिरणीचा धूर. मी मनात म्हटले, बघा, याच्यासाठी हा गाव सोडतो. मागाच्या खडखडाटाने त्याला घरातही ओरडून बोलायची सवय लागली आहे. शेजारीण एकदा आत डोकावून गेली, की नवराबायकोचे काही बिनसले का. तो विचारत होता, मीठ कुठे आहे.

पण एक गोष्ट बघितली. पाळी सुटायचा भोंगा झाला की सूनबाई पुष्पाबाई चुलीवर तवा ठेवी. दोन भाकरी होईपर्यंत अभिमन दारात. हातपाय धुवून बसला की ताटात भाकरी फुगलेली. जेवून तो मुलींना घेऊन शेंगा फोडत बसे. मग त्याला कोणी हाक मारत नसे. मालक नाही, मुकादम नाही, पाणी नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी सुनेला विचारले, “पोरी, एवढा बरोबर अंदाज तुला कसा येतो?”

ती हसली. “अंदाज कसला, नाना? आठ तास म्हणजे आठ तास. वर काम लागलं तर त्याचे पैसे वेगळे, आणि आदल्या दिवशी सांगतात.”

तानुबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, “मी तुमच्यासाठी कधी गरम भाकरी टाकली नाही. टाकणार कधी? तुम्ही येणार कधी तेच माहीत नसायचं.”

मी म्हणालो, “तूच तर म्हणाली होतीस, आठे नवरा शे.”

“होता ना,” ती म्हणाली. “गावात होता. घरात कमीच.”

तिने ते रागाने म्हटले नाही. पुढे म्हणाली, “मला तुमच्या कामाचा अभिमान आहे. शेवटच्या शेतवाल्या बायका मला हळदीकुंकवाला आधी बोलावतात ते उगाच नाही. पण पोरानं तेच करावं असं कशाला?”

तेव्हापासून मी ते तोलून बघतो आहे. माझ्या कामात आवाज गोड होता, त्याच्या कामात कान किटतात. पण तो घरात ओरडून का होईना बोलायला असतो. मी पैसा सोडून काम निवडले, तो काम सोडून वेळ निवडतो, आणि पैसा त्याला त्यात मिळतो आहे तर मिळू दे. माझ्या वेळी जिनाला आठ तासांचा कायदा असता तर मी कदाचित बोदवडलाच राहिलो असतो. कायदा करणाऱ्यांचे आणि त्यासाठी संप करून उपाशी राहिलेल्यांचे मी या कागदात आभार मानतो. त्यांनी माझ्या सुनेचा तवा वेळेवर तापवला.

सबब पहिल्या मसुद्यातली अट रद्द. घर अभिमनला द्यायचे ते बिनअट. त्याने मिल सोडावी, धरावी, घरात राहावे, भाड्याने द्यावे, त्याची मर्जी.

कलम ४. पाटाच्या जागेसाठी मी पंचांना निंबा जागल्याचे नाव सुचवतो. गावाला नवल वाटेल. आमचे दोघांचे कधी जमले नाही. फडाची राखण करताना बांधावर उभा राहून तो मला म्हणे, “नाना, तुमचं काम काय? पाण्याला वाट दाखवायची. ते बिचारं आपलं आपण जातं!” त्यावर लोक हसत आणि मला जेवण जात नसे. तोंडाचा तो तिखट आहे, देवाने त्याला जीभ देताना मिरच्यांच्या पोत्यात हात घातला असावा.

पण पाणी आटले त्या साली त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने पाळीआधी बारे फोडले. निंबाने ते पायाने बुजवले आणि पाणी पुढे शेवटच्या शेताकडे जाईपर्यंत तेथेच उभा राहिला. बायको सुगंधाबाई माहेरच्या बाजूने आठ दिवस रुसली, तरी हलला नाही. असा माणूस पाटावर पाहिजे. त्याला मूल नाही, घरी वाट बघणारी सुगंधाबाई एकटी, आणि तीही त्याच्याबरोबर बांधावर येऊन बसते. त्याला भोंग्याची गरज नाही. त्याने हे काम आनंदाने मागितले होते, मीच अभिमनचे नाव सांगून त्याची वाट अडवली. माझे फावडे निंबाला द्यावे. दांडा बाभळीचा आहे, नवा घालू नये. आणि मी हे लिहिले म्हणून त्याने माझ्याबद्दल गोड बोलायला लागू नये, लोकांना संशय येईल.

कलम ५. माझ्या अंत्यविधीबद्दल. अग्नी अभिमननेच द्यावा, एवढे मी सोडणार नाही. तिसऱ्या दिवशी राख पांझरेत सोडावी. पुढे दहाव्यापर्यंत थांबायला रजा मिळत नसेल किंवा बिनपगारी होत असेल, तर त्याने खुशाल पाळीवर जावे. दहाव्याचे हिलालने करावे. गावात कोणी नावे ठेवली तर पारावर हे कलम वाचून दाखवावे, मोठ्याने.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी अभिमनने बायकामुलांना घेऊन गावी येत जावे. आल्यावर काही काम करू नये. ओट्यावर पाय पसरून बसावे. पाटाला पाणी आलेले तेथून दिसते. दिसले तरी उठू नये. ते निंबा बघेल.

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचला, आणि तानुबाईला ऐकवला. ती म्हणाली, “बठ्ठं बराबर शे. फक्त गाय लाथाळ नाही, तुम्हालाच मारते.” तिच्या सांगण्यावरून ही दुरुस्ती नोंदवली.

सही: जीवराम फकिरा बोरसे

साक्षीदार:

१) बन्सीलाल मोतीराम देवरे, शिक्षक, मराठी शाळा, बोरशेवडी. जीवरामनानांनी माझ्यासमोर सही केली. शुद्धलेखन तपासू का म्हणून विचारले, नको म्हणाले.

२) हिलाल फकिरा बोरसे, धाकटा भाऊ. अट काढली हे मला पटलेले नाही. भाऊ शुद्धीवर आहेत आणि सही माझ्या देखत झाली, हे खरे आहे. दहाव्याचे मी करीन. पोराने पाळी बुडवू नये.

स्थळ: मौजे बोरशेवडी
दिनांक: २३ मार्च १९५८